मला नाही, त्यांना विचारा

प्रति,
इंदूर शहरातले सर्व डॉक्टर, रुग्णालयांचे व्यवस्थापक आणि वैद्यकीय महाविद्यालयांतले अध्यापक

सप्रेम नमस्कार.

मी राजेंद्रनगरला राहणारी निवृत्त शिक्षिका. आमच्या भागात एकट्यानं किंवा नवरा-बायको दोघंच राहणारी वयस्कर मंडळी आता पुष्कळ आहेत. मुलं पुण्याला, बंगळुरूला, काही साता समुद्रापार. मुलं वाईट नाहीत. रोज फोन करतात, पैशाला कमी पडू देत नाहीत. पण मंगळवारी सकाळी दहाला हृदयाच्या डॉक्टरांकडे नंबर लागलेला असेल, तर रिक्षा बोलावून सोबत जायला शेजारचंच कुणीतरी लागतं. ते काम आम्ही काही जणी वाटून घेतो. सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत, खासगी दवाखान्यांच्या थंडगार प्रतीक्षागृहात, एक्स-रेच्या दारात असं आमचं बसणं होत असतं. रुग्णालयांच्या भाषेत मी ‘अटेंडर’.

हे पत्र एका गोष्टीसाठी लिहिते आहे. तपासणीच्या खोलीत टेबलासमोर दोन जागा असतात. एकीवर रुग्ण बसतो, दुसरीवर मी. आणि डॉक्टर बोलतात ते माझ्याशी.

‘माताजी को क्या तकलीफ है?’ ‘खाना ठीक से खाती हैं?’ ‘पहले कौन सी दवा चल रही थी?’ सगळे प्रश्न माझ्याकडे बघून. ज्यांच्याबद्दल हे विचारलं जातंय त्या काकू हातभर अंतरावर बसलेल्या असतात. स्वतःच्या साखरेचे आकडे त्या एका वहीत लिहून ठेवतात. वही मांडीवर असते. मी म्हणते, ‘सर, उन्हीं से पूछिए, वे बता देंगी.’ काही डॉक्टर लगेच खुर्ची वळवतात आणि काकूंशी बोलू लागतात. काही जण एक प्रश्न त्यांना विचारतात आणि दुसऱ्या प्रश्नाला पुन्हा माझ्याकडे वळतात. व्हीलचेअर असेल तर बघायलाच नको. वॉर्डबॉय खुर्ची ढकलत आणतो, टेबलाजवळ जागा नसते म्हणून ती भिंतीकडे तोंड करून उभी करतो आणि पुढची सगळी भेट रुग्णाच्या पाठीमागे होते.

यात कुणाचा वाईट हेतू नसतो, हे मला पक्कं माहीत आहे. सोबतीला आलेला माणूस भराभर उत्तरं देतो आणि बाहेर रांग असते. पण भराभर मिळालेलं उत्तर बरोबर असतंच असं नाही. याचं एक उदाहरण सांगते, त्याशिवाय माझं म्हणणं नीट पोहोचणार नाही.

आमच्या ओळखीतल्या एका आजींच्या पायांना सूज यायची. हृदय अशक्त झाल्यामुळे अंगात पाणी साठत होतं आणि त्यासाठी लघवी जास्त होण्याची गोळी चालू होती, सकाळी एक, दुपारी एक. दोन महिने सूज उतरेना. प्रत्येक वेळी सोबत आलेल्या माणसाला विचारलं जाई, ‘दवा टाइम पर दे रहे हैं?’ आणि तो म्हणे, ‘हां, हां, बराबर.’ त्याच्या दृष्टीनं ते खरंच होतं, कारण गोळ्यांची पाकिटं तोच आणून देत होता. डॉक्टरांनी गोळीची ताकद वाढवली. मग आणखी एक गोळी जोडली. एके दिवशी सोबत जायची पाळी माझ्याकडे आली. परत येताना रिक्षात आजींनी सहज सांगितलं की दुपारची गोळी त्या बऱ्याचदा घेतच नाहीत. चार वाजता भजनी मंडळ असतं, तिथलं स्वच्छतागृह जिन्याखाली आणि ओलं, एकदा त्या तिथे घसरल्या होत्या. गोळी घेतली की तासाभरात दोन-तीनदा उठावं लागतं. भजन सोडायचं नव्हतं, म्हणून गोळी सोडली.

हे त्यांनी डॉक्टरांना का नाही सांगितलं? मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, ‘मला कुणी विचारलंच नाही गं.’

पुढच्या भेटीत त्या स्वतः बोलल्या. डॉक्टर भले होते, त्यांनी पेन खाली ठेवून ऐकलं. सकाळची गोळी उठल्या उठल्या सहाला आणि दुसरी अकराला घ्यायला सांगितली, म्हणजे चारपर्यंत तिचा जोर ओसरतो. वाढवलेली ताकद कमी केली. महिन्याभरात पायांत चपला नीट बसू लागल्या. नवी तपासणी नाही, नवं औषध नाही, खर्च तर उलट कमी झाला. आजींचा दिवस कसा जातो एवढंच डॉक्टरांना कळायचं राहिलं होतं, आणि ते सांगू शकणारी एकच व्यक्ती त्या खोलीत होती.

रुग्ण सुरुवातीला किती वेळ बोलतो, यावर अभ्यास झालेले आहेत आणि तुमच्यातल्या अनेकांनी ते वाचलेही असतील. १९८४ मध्ये बेकमन आणि फ्रँकेल या अमेरिकी संशोधकांनी डॉक्टर-रुग्णांच्या ७४ भेटी ध्वनिमुद्रित करून तपासल्या. आपलं सुरुवातीचं म्हणणं पूर्ण करायला मिळालं ते फक्त १७ रुग्णांना. ज्यांना मध्येच अडवलं गेलं, त्यांना सरासरी १८ सेकंद मिळाले होते. मग २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथल्या डॉक्टरांनी उलट करून पाहिलं. रुग्णाला अडवायचं नाही, तो स्वतःहून थांबेपर्यंत ऐकायचं, असं ठरवलं आणि नकळत घड्याळ लावलं. ३३५ रुग्ण. सरासरी बोलणं निघालं ९२ सेकंदांचं. दर दहांतले जवळजवळ आठ जण दोन मिनिटांच्या आत आपणहून थांबले. बोलू दिलं तर रुग्ण थांबतच नाही, ही आपली भीती वस्तुस्थितीला धरून नाही.

इंदूरची गर्दी मला दिसते. एम. वाय. या इथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात नुसतं शहर येत नाही. धार, झाबुआ, खरगोन, बडवानी, सगळा माळवा आणि निमाड तिथे येतो. २०१७ मध्ये जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला, त्यात डॉक्टरांच्या एका भेटीची सरासरी बांगलादेशात ४८ सेकंद आणि स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं निघाली. आपल्या देशाचा आकडा दोन मिनिटांच्या आसपास होता. ज्यांच्या वाट्याला एका रुग्णासाठी दोन मिनिटंच येतात, त्यांना ‘दीड मिनिट नुसतं ऐका’ असं सांगताना मला संकोच वाटतो. रात्रभर ड्यूटी करून सकाळी पुन्हा ओपीडीत बसलेली कोवळी मुलंमुली मी पाहिली आहेत. त्यांचे डोळे मिटत असतात. डॉक्टरांची संख्या वाढवणं सरकारच्या हातात आहे आणि त्यासाठी सरकारकडे भांडायला आम्ही तुमच्या बाजूनं उभे राहू. पण दोन मिनिटंच असतील तर ती कुणाशी बोलायची हे तर तुमच्या हातात आहे. माझ्याशी बोलायला लागणारा वेळ आणि काकूंशी बोलायला लागणारा वेळ यांत फार फरक नाही.

‘त्यांना ऐकू येत नाही हो,’ असं कधी कधी सांगितलं जातं. वयोमानानं येणाऱ्या बहिरेपणात आधी जातात ते उंच पट्टीतले आवाज. स, श, फ यांसारखी अक्षरं निसटतात आणि शब्द अर्धेच पोहोचतात. ओरडून बोललं तर आवाज मोठा होतो, स्पष्ट होत नाही, शिवाय बाहेर बसलेल्या सगळ्यांना आजारही कळतो. समोर बसून, मास्क जरा खाली करून, ओठ दिसतील असं, सावकाश आणि खालच्या पट्टीत बोललं की बहुतेकांना कळतं. नाहीच कळलं तर एक पाटी ठेवा. पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘छातीत दुखतं का?’ असं लिहून दाखवलेलं मी पाहिलं आहे, आपल्याच शहरात. त्या आजोबांनी ती पाटी स्वतःकडे ओढून घेतली आणि तिच्यावर उत्तर लिहिलं.

ज्यांची स्मरणशक्ती गेली आहे त्यांचंही तेच. सकाळी काय खाल्लं हे त्यांना आठवणार नाही, मला विचारावं लागेल, ते रास्तच आहे. पण आत्ता, या क्षणी कुठे दुखतंय, हे त्या हात लावून दाखवू शकतात. आधी त्यांना विचारावं, मग मला.

आणि भाषा. आपल्याकडची जुनी मराठी माणसं हिंदी उत्तम बोलतात, सगळा जन्म इथेच गेला आहे. बाजारात, बँकेत, बसमध्ये त्यांना काही अडत नाही. तरीही कळ आली, घाबरं झालं, की त्यांच्या तोंडून मराठीच येते. इंदूरमध्ये मराठी घरांतून आलेले डॉक्टर, नर्सबाई, तंत्रज्ञ थोडेथोडके नाहीत. ‘काकू, कुठं दुखून राहिलं आहे?’ एवढं आपल्या इंदुरी मराठीत विचारलं की त्या मोकळ्या होतात. झाबुआहून आलेल्या भिली बोलणाऱ्या बाईला तर याची गरज आमच्यापेक्षा किती तरी जास्त आहे. आमच्याकडे निदान दुसरी भाषा आहे, तिच्याकडे पुष्कळदा नसते. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळमध्ये एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तकं प्रसिद्ध झाली. विद्यार्थ्याला आपल्या भाषेत शिकता यावं हा विचार आपल्या राज्यानं केला आहे. तोच विचार रुग्णासाठीही व्हावा. प्रत्येक पाळीत कोणाला कोणती भाषा येते याची एक यादी वॉर्डात लावायला खर्च कितीसा येणार?

आता अवघड भागाकडे येते.

आमच्या घरांमध्ये एक रीत आहे. मोठा आजार निघाला की तो रुग्णापासून लपवायचा. डॉक्टर मुलाला बाहेर बोलावतात. मुलगा परदेशात असेल तर व्हिडिओ कॉलवर सांगतात. मुलगा म्हणतो, ‘बाबांना कळू देऊ नका, ते खचतील.’ डॉक्टरही मान्य करतात. मग आत येऊन सांगितलं जातं, ‘थोड़ी सूजन है, सिकाई करेंगे.’ आमच्या शेजारच्या एका आजोबांच्या बाबतीत असंच झालं. पण रेडिएशनच्या विभागाबाहेर कर्करोगाची पाटी लावलेली होती आणि त्यांना वाचता येत होतं. त्यांनी घरी कुणाला काही विचारलं नाही. त्यांना कळू नये म्हणून घर धडपडत होतं आणि आपल्याला कळलंय हे घराला समजू नये म्हणून ते धडपडत होते. एकाच घरात सगळे एकटे पडले. देवासला त्यांची बहीण होती, तिला भेटायचं होतं. घराच्या कागदांवर काही लिहून ठेवायचं होतं. यातलं अर्धंच झालं. बाकीचं मला नंतर कळलं, त्यांच्या पत्नीकडून.

मुलाचं प्रेम खरं होतं. मी त्याला दोष देत नाही. पण माझं आयुष्य किती उरलंय ही बातमी आधी माझी आहे, माझ्या मुलाची नंतर. ऐकायची नाही असं मी ठरवू शकते, तोही माझा हक्क. मात्र ते मी ठरवायचं. तुमच्याकडे यासाठी शिकवली जाणारी पद्धत आहे. २००० साली कर्करोगतज्ज्ञांसाठी प्रसिद्ध झालेल्या ‘स्पाइक्स’ या सहा टप्प्यांच्या रीतीत बातमी सांगण्याचा टप्पा चौथा आहे. त्याआधी रुग्णाला काय ठाऊक आहे हे विचारायचं, आणि मग ‘तुम्हाला किती जाणून घ्यायला आवडेल? सगळं सांगू, की थोडक्यात? की तुमच्याऐवजी कुणाशी बोलू?’ असं विचारायचं. हे तीन प्रश्न विचारायला धीर लागतो, मला जाणीव आहे. आमच्या घरांतले लोक तुमच्यावर दडपणही आणतात. अशा वेळी मुलाला शांतपणे सांगा, ‘मी खोटं बोलणार नाही. त्यांनी विचारलं नाही तर मी लादणारही नाही.’ पुष्कळ मुलांना हे ऐकून सुटकाच वाटेल.

संमतीपत्राचं तर कायद्यानंच स्पष्ट केलेलं आहे. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं एका प्रकरणात निकाल दिला. ४४ वर्षांची एक स्त्री भुलीखाली होती, फक्त तपासणीसाठी. बाहेर बसलेल्या तिच्या आईची परवानगी घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढण्यात आले. जिवावर बेतलेली घाई नव्हती. सज्ञान, सुबुद्ध रुग्णाऐवजी आईनं दिलेली संमती ही संमतीच नव्हे, असं न्यायालय म्हणालं. उपचार काय आहे, कशासाठी आहे, दुसरे मार्ग कोणते, मोठे धोके कोणते, उपचार नाकारला तर काय होईल, हे रुग्णाला सांगायला हवं, हेही त्यात आहे. तरी आजही ‘अटेंडर से साइन करवा लो’ ही हाक मी ऐकते. आजोबा पलंगावर शुद्धीत बसलेले असतात, चष्मा खिशात असतो, आणि कागद माझ्यापुढे येतो. मी नात्यानं त्यांची कुणीही नाही. मी तो कागद आजोबांकडे देते. नर्स चिडते, तिला आणखी दहा पलंग बघायचे असतात. तिच्यावर राग काढण्यात अर्थ नाही, तिला सांगणाऱ्यानं वेगळं सांगायला हवं.

घरी सोडताना जे घडतं त्याबद्दलही लिहायला हवं. तीन पानांचा इंग्रजी कागद, गोळ्यांची पिशवी आणि ‘सब लिखा है’. ऐकलेल्या वैद्यकीय माहितीतला ४० ते ८० टक्के भाग रुग्ण लगेच विसरतो, असं २००३ मधल्या एका आढाव्यात नोंदवलेलं आहे. सत्तरीच्या माणसानं, घरी जायच्या गडबडीत, किती लक्षात ठेवायचं? एक सोपी गोष्ट करता येते. सांगून झाल्यावर रुग्णालाच विचारायचं, ‘आता घरी गेल्यावर कोणती गोळी कधी घ्याल, मला सांगा बरं.’ परीक्षा घेतल्यासारखं नाही, तर मी नीट सांगितलं की नाही हे मला बघायचंय, असं म्हणून. चूक असेल तर तिथल्या तिथे कळते. मी शिकवायचे तेव्हा ‘समजलं का?’ या प्रश्नाला सगळा वर्ग हो म्हणायचा. औषधाचं नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं हा नियम २०१६ पासून आहेच. त्याच्या शेजारी ‘सकाळी जेवणानंतर’ एवढं देवनागरीत लिहिलं, तर आमचे रात्रीचे किती तरी फोन वाचतील.

वैद्यकीय महाविद्यालयांतल्या अध्यापकांना एक वेगळी विनंती आहे. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वर्तन, नीती आणि संवाद हा विषय आला, मुलं त्याला ‘एटकॉम’ म्हणतात. म्हणजे आज जे इंटर्न आणि नवे निवासी डॉक्टर आहेत, त्यांना रुग्णाशी कसं बोलावं हे वर्गात शिकवलेलं आहे. पण राउंडवर ते तुमच्या मागे चालतात आणि तुम्ही बोलता तसं बोलायला शिकतात. तुम्ही पलंगाशी थांबून ‘मी अमुक, आज तुम्हाला बघणार आहे’ असं म्हणालात, तर पंधरा मुलं तसं म्हणू लागतील. तुम्ही पायथ्याशी उभं राहून ‘चौदा नंबरचं काय झालं?’ विचारलंत, तर तेच उचलतील. केट ग्रेंजर ही ब्रिटिश डॉक्टर स्वतः कर्करोगानं रुग्णालयात पडली, तेव्हा उपचार करायला येणारे आपलं नावही सांगत नाहीत हे तिच्या लक्षात आलं. २०१३ मध्ये तिनं ‘नमस्कार, माझं नाव...’ एवढंच म्हणण्याची मोहीम सुरू केली आणि २०१६ मध्ये तिचं निधन होईपर्यंत ती इंग्लंडभर पसरली. स्वतः डॉक्टर असलेल्या रुग्णाला ही उणीव एवढी जाणवली, तर आमच्या काकूंना किती जाणवत असेल.

आम्हा सोबत येणाऱ्यांनीही आपलं वागणं सुधारायला हवं. प्रश्न रुग्णाला विचारला की उत्तर आपल्या तोंडून बाहेर पडतं, ते आवरायला हवं. आमच्या गटात आम्ही ठरवलं आहे की डॉक्टरांकडे जाण्याआधी रुग्णानं स्वतःच्या हातानं किंवा सांगून एका कागदावर तीन गोष्टी लिहायच्या: सगळ्यांत जास्त काय त्रास होतो, कोणतं औषध घेतलं जात नाही आणि का, आणि काय विचारायचं आहे. तो कागद रुग्णच तुमच्या हातात देईल. कृपया तो वाचा.

व्यवस्थापकांकडे मागणं थोडकं आहे. तपासणीच्या टेबलाला लागून व्हीलचेअर मावेल एवढी जागा मोकळी करा, रुग्णाचा चेहरा डॉक्टरांकडे येईल अशी. अटेंडरची खुर्ची जरा मागे सरकवा. गोल फिरणाऱ्या स्टुलाऐवजी पाठ आणि हात असलेली खुर्ची रुग्णाला द्या, त्या स्टुलावर म्हाताऱ्या माणसाचं अर्धं लक्ष पडू नये याकडेच असतं. संमतीपत्रं हिंदीत आणि मोठ्या अक्षरांत करा, आणि सहीच्या रकान्यात आधी रुग्णाचं नाव येऊ द्या.

राहिला प्रश्न शिकण्याचा. कोणत्याही महाविद्यालयाला किंवा रुग्णालयाला आपल्या विद्यार्थ्यांसाठी रुग्णाशी बोलण्याचा सराव ठेवायचा असेल, तर आमच्या भागातले आजी-आजोबा यायला तयार आहेत. कुणाला ऐकू कमी येतं, कुणाचे हात थरथरतात, कुणी एकच गोष्ट चारदा सांगतं. मुलांनी त्यांच्याशी बोलून बघावं, आणि बोलणं झाल्यावर कसं वाटलं हे त्यांच्याकडूनच ऐकावं. मी त्यांना घेऊन येईन आणि बाहेर बसेन. रविवारीही चालेल, फक्त मंगळवार-शुक्रवारी चारच्या आत सोडा, भजन असतं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
राजेंद्रनगर, इंदूर